रतीची जागा

मल्लम्माला स्वतःचं रडणं बाहेरून ऐकू आलं ते ट्रॅक्टरवरून.

फाल्गुन लागून आठवडा झाला होता. ज्वारीची काढणी उरकत आली होती आणि रानातला कडबा गावात येत होता. मल्लम्मा अंगणात हरभरा बडवत बसली होती. कडब्यानं लादलेला एक ट्रॅक्टर रस्त्यानं गेला, आणि त्याच्यावरच्या स्पीकरातून एक बाई हेल काढून रडत होती. मल्लम्माच्या हातातलं बडवणं थांबलं. कुणाच्या घरचं माणूस गेलं, या विचारानं तिनं पदर सारखा केला आणि उठून उभी राहिली. कुणी गेल्याचं कानावर आलं की बसून ऐकायचं नसतं.

"एल्लि होद्यो, कामण्णा, नन्न कै बिट्टु एल्लि होद्यो..."

कुठं गेलास रे कामण्णा, माझा हात सोडून कुठं गेलास. शिमग्याचं रडणं, आणि शिमगा तर अजून आठ दिवसांवर. रडण्याच्या खालून काहीतरी धपधप वाजत होतं, पाटा-वरवंटा आदळावा तसं. मग तो आवाज एका ठिकाणी चिरकला, आणि त्या चिरकण्यावरून मल्लम्मानं ओळखलं. तो तिचाच गळा होता. पुढचा शब्द कोणता येणार हेही तिला ठाऊक होतं, आणि तो आलाच.

"सोमलिंगा..."

पण तो एकदा येऊन थांबला नाही. यंत्रानं त्याचे तुकडे केले होते. "लिंगा-लिंगा-लिंगा," असं तीनतीनदा वाजलं, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरानं तालावर मान हलवली.

शेजारच्या भिंतीवरून नागूबाईनं तोंड काढलं. "मल्लम्मा, अगं तुझं गाणं आलं की! आमच्या नातवाच्या फोनात बी हाय. पुण्यातली पोरं नाचतेत म्हणं त्याच्यावर. आता काय बाई, तू तर हिरोईन झालीस."

"गाणं न्हवं त्ये."

"मग काय हाय?"

मल्लम्मा खाली बसली आणि बडवलेलाच हरभरा पुन्हा बडवायला लागली.

उमरग्याहून आळंदकडं जाणाऱ्या रस्त्यावर, कर्नाटकाला खेटून असलेलं हे गाव. निम्मं गाव घरात कानडी बोलतं आणि बाजारात मराठी. शिमग्याला इथं नुसती लाकडं जाळत नाहीत. कामण्णा करतात. रानातली शेवटची ज्वारी कापली की त्या कडब्याचा एक पुरुषभर माणूस बांधायचा, मडक्याचं डोकं लावायचं. आणि वर्षात ज्या घरातला गडी गेला असेल, त्या घरानं त्याचे कपडे आणून कामण्णाच्या अंगात घालायचे. कामण्णा पेटला की हलगी थांबते. मग त्याच्यापुढं एक विधवा बाई केस सोडून बसते. ती रती. ती कामण्णाच्या नावानं हाका मारून रडते, आणि मधेच कामण्णाच्या जागी आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घालते. ते नाव सगळ्या गावाला ऐकू येतं आणि कुणीच ऐकल्यासारखं करत नाही. तिचं रडून झालं की पोरं बोंब मारतात, बायका निखारे घरी नेऊन चूल पेटवतात, आणि सकाळी गार झालेली राख कपाळाला लावून उरलेली रानात फेकतात.

पोथी वाचणारे सांगायचे की शंकरानं तिसरा डोळा उघडून कामाला जाळलं, त्याची ही आठवण. मल्लम्माच्या सासूला, इरम्माला, ते पटत नसे. "शंकर मागनं आला," ती म्हणायची. "आधी नुसता कामण्णा हुता. रानातला गडी. सुगी सरली की मरायचा आन् पावसाला उठायचा. देव मोठा झाल्यावर त्यानं म्हनलं, म्याच मारला."

रतीची जागा या घरात इरम्माकडून आली होती. मल्लम्माचा नवरा विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेला तेव्हा पोरगा, सोमलिंग, पाळण्यात होता. त्या शिमग्याला इरम्मा उठली आणि सुनेला बसवलं. "वर्षभर डोळ्यात पाणी दिसलं तर लोक अपशकुनी म्हणतील," तिनं कानात सांगितलं. "इथं बस. पोटभर रड. उठताना डोळे पुसून ऊठ." तेव्हापासून मल्लम्मा दर शिमग्याला बसली. मल्लम्माच्या जातीत माणसाला जाळत नाहीत, आपल्या रानात बसवून पुरतात. आगीत जातो तो एकटा कामण्णा, आणि विस्तवापुढं रडायला मिळतं तेही तेवढंच.

दोन वर्षांमागं सोमलिंग गेला. हायवेवर ट्रकचं पंक्चर काढत होता, मागून दुसरा ट्रक आला. त्या वर्षी कामण्णाच्या अंगात त्याचा निळा सदरा होता. सदरा पेटला तो बाहीकडून. मल्लम्मा त्या बाहीकडं बघत जे रडली, तसं तिला पुन्हा कधी रडता आलं नाही. तेच रडणं आज ट्रॅक्टरवर वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी ती मारुतीच्या पाराकडं गेली. सिद्रामप्पा पारावर बसले होते. कामण्णा बांधण्याचा मान त्यांच्या घराचा. आता त्यांच्या हातांना कंप होता, म्हणून सगळं त्यांचा नातू नंदीश बघत होता. त्यानं या वर्षी 'कामदहन महोत्सव' लावला होता. पारापुढं स्टेजचे लोखंडी पाइप येऊन पडले होते.

"अप्पा," मल्लम्मा उभ्या उभ्याच म्हणाली, "माझं रडणं ट्रॅक्टरवर वाजायलंय."

"ऐकलंय म्या," म्हातारा म्हणाला आणि नातवाकडं बोट केलं. "त्येला सांगा. माझं कोण ऐकतंय?"

नंदीश हसत पुढं आला. पोरगा वाईट नव्हता. सोमलिंगच्या मातीला त्यानंच खड्डा खणायला हात लावला होता. "आज्जी, बसा तर आधी. चहा सांगू का?"

"चहा नगं. त्ये बंद कर."

"बंद कसं करू? ते हजार फोनांत गेलंय. मी नुसता खाली बीट टाकला. आज्जी, आपलं गाव कुणाला ठाऊक हुतं का? आता सोलापूर-गुलबर्ग्याची माणसं इचारायलेत, हा कामण्णा कुठला म्हणून. शिमग्याला शहरातनं अभ्यासक येणार हायेत. आपली परंपरा जगापुढं चाललीय."

"परंपरा ने की. नाव कशाला नेतूस? त्यात माझ्या पोराचं नाव हाय."

"कानडीत हाय, आज्जी. कुणाला कळतंय? पोरांना वाटतंय महादेवाचं नाव हाय."

"मला कळतंय की."

"व्हय, ते हाय." त्यानं मान खाजवली. "बरं, असं करू. शिमग्याला तुम्ही स्वतः स्टेजवर या. माइकवर म्हणा, जसं म्हणता तसं. मग मला स्पीकरवर लावायची गरजच न्हाय. फोनातलं मला पुसता येत न्हाय, पण गावात त्या दिवशी वाजणार न्हाय. शब्द देतो."

"सोमलिंगाचं नाव वाजणार न्हाय?"

"तुम्ही म्हटलं तर न्हाय वाजणार."

कामण्णापुढं त्याचं नाव यंत्रातून येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. ती म्हणाली, "येते." मग जाता जाता वळली. "तुला त्ये कुणी दिलं?"

नंदीशनं पाइपाकडं बघितलं. "ग्रुपवर आलं हुतं. कुणी टाकलं ते... घरीच इचारा की, आज्जी."

घरी सून होती, महेश्वरी. उमरग्याच्या एका दवाखान्यात झाडलोट करायची, सकाळच्या बसनं जायची आणि दिवेलागणीला यायची. त्या संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मल्लम्मानं दारातच विचारलं, "माझं रडणं तू भरून घेतलं व्हय?"

महेश्वरीचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "व्हय, आत्या. ह्यांच्याच फोनात."

"आन् गावाला वाटलं?"

"गावाला कशाला वाटू? आळंदला माझ्या आईला धाडलं. आईनं बहिणीला. तिच्या पोरानं कुठं टाकलं देव जाणे."

"लाज न्हाय वाटली? मेल्या माणसाच्या नावाचा तमाशा मांडला."

आता महेश्वरीनं मान वर केली. चुलीच्या उजेडात तिचा चेहरा तापला होता. "तुम्हाला रडायला शिमगा हुता, आत्या. मला काय हुतं? म्या तुम्हाला इचारलं हुतं, मी बी बसू का संगं. तुम्ही काय म्हणालाव? एका कामण्णाला एकच रती. मला बायकांच्या मागं उभं केलं. घरात रडले तर तुम्ही म्हणायचाव, पोरी, चुलीपुढं डोळं गाळू नगं. दवाखान्यात रडले तर मॅडम म्हणायच्या, पेशंट घाबरतेत. मग म्या ते फोनात भरलं. बसमध्ये कानाला लावून ऐकायची. तुम्ही रडायचाव, त्यातच माझं बी रडून व्हायचं."

भाकरी करपल्याचा वास आला. दोघींनीही ती उलटली नाही.

मल्लम्माला सांगायचं होतं की रतीच्या जागेवर एकदा बसली की त्या बाईची उडकी, म्हणजे दुसरं लग्न, होत नाही, दुसऱ्या घरची माणसं तिला नावं ठेवतात, म्हणून बसवलं नाही. ते खोटं नव्हतं. सून पंचविशीची, आळंदकडून दोनदा विचारणा झाली होती. पण त्या शिमग्याला कामण्णाच्या अंगातला निळा सदरा बघून तिच्या मनात आणखी एक गोष्ट आली होती. हे पोर माझं हाय. ह्याच्यावर रडायचा मान माझा.

करपलेली भाकरी तिनंच आपल्या ताटात घेतली.

शिमग्याच्या दिवशी पुरण शिजलं, पोळ्या झाल्या. दिवस कलताना मल्लम्मा निघाली तेव्हा महेश्वरीनं ट्रंकेतून एक सदरा काढून तिच्या हातात दिला. पांढरा, बारीक रेघांचा, सोमलिंगच्या लग्नातला. "हा न्या. घालता आला तर घाला त्येच्या अंगात," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं तीही बायकांबरोबर यायला निघाली.

पारापुढं कामण्णा उभा होता, पण ओळखू येईना. दोन माणसं उंच, सोलापुरातून आणलेला, थर्माकोलचा. हातात ऊस, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर चकचकीत कागद. मल्लम्मानं सदरा पुढं केला.

"आज्जी, ह्याच्या अंगात कसा बसंल?" नंदीश घाईत होता. "आन् पोटात तेरखेड्याचे फटाके भरलेत. कापडाचा घोळ नगं. ठेवा तुमच्यापाशीच."

तिनं सदरा काखेत धरला. स्टेजवर तिच्यासाठी लाल खुर्ची होती. "रती खुर्चीवर बसत न्हाय," ती म्हणाली आणि खाली बसली. पोरांनी माइक वाकवून तिच्या तोंडापुढं आणला. मागच्या मोठ्या पडद्यावर तिचं तोंड दिसायला लागलं, एकेक सुरकुती नांगरटीएवढी.

शहरातून आलेले अभ्यासक बोलले. बारीक आवाजाचे, साधे गृहस्थ. ते म्हणाले की हा सण पुराणांच्या आधीचा असावा, हा काम म्हणजे पिकाचा, वसंताचा पुरुष, शंकराची कथा त्याला नंतर जोडली गेली असेल. मल्लम्मानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. इरम्माचंच बोलणं शहरातून फिरून आलं होतं. तिला बरं वाटलं. हा माणूस थांबला, निवांत बसला, तर त्याला इरम्माची गोष्ट सांगता येईल, असंही वाटून गेलं. पण त्यांना रात्रीच सोलापूर गाठायचं होतं. टाळ्या झाल्या आणि त्यांच्याच हातात मशाल दिली.

कडब्याचा कामण्णा जळायला वेळ घेतो. आधी पाय पेट धरतात, मग कपडे पेटतात, मडकं तडकून खाली येतं. ते खाली आलं की रतीनं पहिली हाक मारायची. तेवढ्या वेळात बाईच्या पोटातलं वर येतं. हा कामण्णा मशाल लागली आणि भस्सकन गेला. फटाके उडाले, वर रंग फुटले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मल्लम्मानं केस सोडेपर्यंत पुढं नुसता बांबूचा सांगाडा आणि काळा धूर राहिला होता. त्या धुराचा वास प्लॅस्टिकचा होता.

हलगी थांबली. सगळं गाव तिच्याकडं बघत होतं.

"एल्लि होद्यो," ती म्हणाली. माइकमधून तो शब्द एवढा मोठा होऊन परत आला की ती दचकली. पुढं कामण्णाला हाक मारायची होती. पण पुढं कोण होतं? ज्याच्या अंगात कुणाचाच सदरा नव्हता, त्याला काय म्हणून हाक मारायची? तिनं काखेतला सदरा घट्ट धरला. रडू पायाच्या नखाशी सुद्धा नव्हतं.

"आज्जी," नंदीश स्टेजच्या कडेवरून कुजबुजला. "दोनच ओळी. लोक थांबलेत."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

गर्दीत चुळबुळ झाली. कुणीतरी शिट्टी वाजवली. कुणी ओरडलं, "म्हातारीची बॅटरी उतरली रं!" लोक हसले. नंदीशनं दोनदा तिच्याकडं बघितलं, मग गर्दीकडं, आणि हात वर केला.

धप, धप, धप. स्पीकरांतून तिचाच आवाज आला. "नन्न कै बिट्टु एल्लि होद्यो..." पोरं उड्या मारायला लागली. ज्यांनी सोमलिंगला खांदा दिला होता तीही त्यात होती. मल्लम्मा मिटल्या तोंडानं बसून होती आणि मागच्या पडद्यावर तिचं तोंडही मिटलेलंच होतं. खाली एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "काय गळा हाय बघ. व्हट बी हलंना!"

मग नाव आलं. सगळ्या पोरांनी हात वर केले आणि ती एका सुरात ओरडली, "लिंगा! लिंगा! लिंगा!"

मल्लम्मा उठली. स्टेजच्या पायऱ्या उतरताना तिला हात द्यायला नंदीश आला. "आज्जी, म्या शब्द मोडला न्हाय. तुम्हीच गप बसलाव."

"व्हय," ती म्हणाली. "म्याच गप बसले."

बायकांच्या घोळक्यात महेश्वरी उभी होती. ती नाचत नव्हती, रडतही नव्हती. पण तिचे ओठ हलत होते. प्रत्येक शब्द, प्रत्येक हुंदका, अगदी जिथं आवाज चिरकला होता ती जागासुद्धा तिच्या ओठांवर बरोबर येत होती. मल्लम्मानं ते बघितलं आणि तिच्याजवळून पुढं निघून गेली.

सकाळी उजाडताच मल्लम्मा सदरा काखेत घेऊन पारापुढं गेली. नागूबाई घमेलं घेऊन आधीच आली होती आणि शिव्या देत होती. "ह्यात राख कुठं हाय गं? डांबर सांडल्यावानी झालंय. कपाळाला काय लावू, ह्येंच्या आईचं डोंबल?" रिकामं घमेलं कमरेवर घेऊन ती गेली.

खरंच राख नव्हती. थर्माकोल वितळून जमिनीला काळा लपका चिकटला होता. त्यात फटाक्यांचे कागद रुतले होते.

महेश्वरी बसला निघाली होती. सासूला बघून ती थांबली.

"इकडं ये," मल्लम्मा म्हणाली. "बस इथं."

"कशाला?"

"बस. ही जागा आता तुझी. म्या उठले. लोक काय म्हणतील ते म्हणू दे, उडकी करायची असंल तर ती बी कर, म्याच बोलते आळंदच्या माणसांशी. पर आज बस. तुझ्या नवऱ्यावर रड. मला तेव्हाच बसवायला पायजे हुतं."

महेश्वरीनं एकदा रस्त्याकडं बघितलं. मग डब्याची पिशवी मांडीवर घेऊन त्या काळ्या लपक्यापुढं बसली. केस मात्र सोडले नाहीत. मल्लम्मा तिच्या मागं उभी राहिली, जिथं बायका उभ्या राहतात तिथं. पाखरं ओरडत होती. दूर कुणीतरी धुळवडीचं पाणी एकमेकांवर फेकत हसत होतं.

बराच वेळ गेला.

"येत न्हाय, आत्या," महेश्वरी म्हणाली.

"येतंय. नाव घे त्येचं."

तिनं नाव घेतलं. हळू, घरात हाक मारावी तसं. मग डोकं हलवलं. "आधी ह्या नावाला छातीत कळ यायची. आता नावाच्या आधी ते धप वाजतंय. लई येळा ऐकलं म्या. पाठच झालंय सगळं. पाठ झालेलं रडू येत न्हाय."

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. महेश्वरी उठली, सवयीनं लुगडं झटकलं. झटकायला काहीच लागलं नव्हतं. "भाकरी दुरडीत हाय," ती म्हणाली. "चूल पेटवली न्हाय म्या. निखारा न्हवता आणला, म्हणून गॅसवरच केल्या."

बस गेली. मल्लम्मा खाली बसली आणि काखेतला पांढरा सदरा काढून त्या लपक्यावर पसरला. दोन्ही बाह्या सारख्या केल्या. मग बांबूच्या तुकड्यानं ती कडेकडेनं उकरायला लागली. कडब्याच्या कामण्णात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोल कुठंतरी विस्तव धगधगत असतो, फुंकर घातली की लाल होतो. तिनं सगळीकडं उकरून बघितलं. वाकून फुंकर घालून बघितली. काळं ते काळंच राहिलं.

मग तिनं सदरा उचलला, त्याची घडी घातली आणि घरी घेऊन गेली.